ऑनलाइन धंद्याची संधी: खोट्याला हे कितीला पडेल?

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. भोसरीच्या एका कारखान्यातून व्हीआरएस घेतलेले काका आमच्या नारायण पेठेतल्या ऑफिसात आले. त्यांचं इन्कम टॅक्सचं रिटर्न बरीच वर्षं मीच भरते. सोबत त्यांची मुलगी होती. काकांनी पिशवीतून एक जाड, गुळगुळीत फाइल काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, सगळं पक्कं झालंय. चेक कुठल्या खात्यातून देऊ, तेवढंच सांगा."

फाइलमधली योजना अशी होती. एक कंपनी त्यांना 'तयार ऑनलाइन दुकान' लावून देणार. वेबसाइट कंपनीची, माल कंपनीचा, जाहिरात कंपनी करणार, पार्सलही तीच पाठवणार. काकांनी ४ लाख रुपये भरायचे आणि महिन्याला ४० हजार घ्यायचे. वर्षभरात जमलं नाही तर ४ लाख परत, म्हणजे 'बायबॅक गॅरंटी'.

पक्कं कशावरून, असं विचारल्यावर काकांनी भराभर सांगितलं. बाणेरला काचेचं ऑफिस आहे. भिंतीवर आयएसओचं सर्टिफिकेट, शेजारी उद्यम नोंदणीचं, दोन्ही फ्रेम केलेली. जीएसटी नंबर आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. वेबसाइटला कुलपाची खूण आहे, गूगलवर ४.८ रेटिंग आहे. करार स्टॅम्प पेपरवर होणार आहे. आणि माहिती देणारा मुलगा अगदी आपल्यातला, शुद्ध मराठी बोलणारा, निघताना त्याने वाकून नमस्कार केला. "एवढं सगळं खोटं कसं असेल?"

काका भोळे नाहीत. ३१ वर्षं त्यांनी क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. म्हणून मी त्यांना त्यांच्याच भाषेत विचारलं, "काका, पॉलिश बघून पार्ट पास करायचात का?"

"छे! गेज लावल्याशिवाय एकही नाही."

त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून दीड-दोन तास या योजनेला गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, लावलं. वर्षाकाठी अशा पाच-सहा फाइली तरी माझ्या टेबलावर येतात. बहुतेक वेळा पैसे भरून झाल्यावर येतात, म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्या छापेवर भुलणं हे अडाणीपणाचं लक्षण नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांना वेगवेगळे गुण द्यायचे होते. पण एका बाबतीत ज्याला वरचे गुण, त्याला बाकीच्या बाबतींतही वरचेच गुण पडत होते. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते, तिच्या तेजात सगळी मूर्तीच उजळून निघते, तसं हे. त्या मुलाचा नमस्कार छान होता, म्हणून त्याच्या कंपनीचा हिशोबही छान असणार असं आपण धरून चालतो. नमस्काराचा आणि हिशोबाचा संबंध नाही, हे त्या क्षणी लक्षातच येत नाही.

मग काय बघायचं? मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाला २००१ साली जॉर्ज अकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत नोबेल मिळालं. स्पेन्स यांच्या कामाचं सार मी माझ्या अशिलांना असं सांगते: एखादी खूण खऱ्याला परवडते आणि खोट्याला परवडत नाही, तेव्हाच ती खूण कामाची. दोघांनाही सारख्याच पैशांत मिळत असेल तर तिच्यावरून काहीच कळत नाही. म्हणून समोर येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा. उद्या एखाद्या खोट्या माणसाला हेच उभं करायचं असेल, तर त्याला ते कितीला पडेल?

काकांची यादी आम्ही या प्रश्नाने तपासायला घेतली.

काचेचं ऑफिस आज महिन्याच्या भाड्याने, टेबल-खुर्चीसकट मिळतं. बाणेर-बालेवाडीत अशा तयार जागा भरपूर आहेत. पाटी आपली, बाकी सगळं दुसऱ्याचं. वेबसाइट काही हजारांत होते. कुलपाच्या खुणेचा अर्थ एवढाच की तुमचा मोबाइल आणि ती वेबसाइट यांच्यामधलं बोलणं मधल्या कुणाला वाचता येत नाही. पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे की नाही, ते कुलूप सांगत नाही. उद्यम नोंदणी फुकट होते आणि स्वतःच दिलेल्या माहितीवर होते. छोट्या उद्योजकांसाठी ती चांगली सोय आहे, पण सरकारने धंदा तपासून दिलेली ती पावती नव्हे. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, ते दुसऱ्या संस्था देतात. त्यातलं ९००१ हे कामाच्या पद्धतीबद्दल असतं, धंद्यात नफा आहे का याबद्दल नाही. ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहिलेली अट तुमच्या विरोधातली असेल, तर ती विरोधातलीच राहते.

'प्रायव्हेट लिमिटेड' या शब्दांवर मी जरा जास्त वेळ थांबते, कारण इथे मोठा गैरसमज आहे. पुष्कळांना ती मोठेपणाची पदवी वाटते. त्यातल्या 'लिमिटेड'चा अर्थ असा की कंपनी बुडाली तर मालकांची जबाबदारी त्यांनी भागभांडवलात घातलेल्या पैशापुरती मर्यादित. त्यांचा फ्लॅट, गाडी, सोनं यांना सहसा हात लावता येत नाही. व्यवहारात ही सोय रास्त आहे, माझे कितीतरी प्रामाणिक अशील अशाच कंपन्या चालवतात. पण कंपनीने दिलेल्या गॅरंटीचं वजन कंपनीच्या खिशाएवढंच असतं, हे ध्यानात ठेवायला हवं.

तो खिसा बघता येतो. केंद्राच्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर कंपनीची मूळ माहिती मोफत मिळते: नोंदणीची तारीख, भरणा झालेलं भांडवल, संचालकांची नावं, कंपनी चालू आहे की बंद. थोडी फी भरली तर ताळेबंदही वाचता येतो. कंपनीचा २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक लेटरहेडवर असतो आणि त्यातच राज्य आणि नोंदणीचं साल दडलेलं असतं. महाराष्ट्रातल्या कंपनीच्या क्रमांकात 'एमएच' या अक्षरांपुढचे चार आकडे म्हणजे नोंदणीचं वर्ष. काकांच्या मुलीने ते लगेच वाचलं. माहितीपत्रकात '८ वर्षांचा अनुभव' होता आणि कंपनी जन्मून १४ महिने झाले होते. भरणा झालेलं भांडवल १ लाख रुपये. माहितीपत्रक म्हणत होतं, आमचे ३०० भागीदार आहेत. प्रत्येकाला ४ लाख परत करायची गॅरंटी म्हणजे १२ कोटींचं वचन. काकांनी ते कागदावर मांडलं आणि पेन खाली ठेवलं.

जीएसटी नंबरचंही तसंच. नंबर असणं सोपं, त्यामागचा इतिहास असणं अवघड. १५ अक्षर-अंकांच्या या नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर तो कुणाचा आहे ते सांगतं, व्यक्तीला 'पी', कंपनीला 'सी', भागीदारी फर्मला 'एफ'. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि कुठल्या महिन्यांची रिटर्नं भरली ते दिसतं. त्याला लॉगिन लागत नाही. ही रिटर्नं खोट्याला महाग पडतात, कारण दर महिन्याला किंवा तिमाहीला भरत राहावं लागतं आणि मागची वर्षं आज बसून तयार करता येत नाहीत. या कंपनीची नोंदणी पाच महिन्यांपूर्वीची निघाली आणि शेवटच्या दोन महिन्यांची रिटर्नंच नव्हती.

नवी कंपनी असणं हा काही गुन्हा नाही. प्रत्येक जुनं दुकान कधीतरी नवंच होतं. पण १४ महिन्यांच्या कंपनीने ८ वर्षं सांगावीत, ही गोष्ट मी कधीच किरकोळ धरत नाही.

रेटिंगबद्दल एवढंच: सरासरी बघू नका, तारखा बघा. एकाच आठवड्यात आलेली चाळीस कौतुकं आणि मग तीन महिने शांतता असेल तर थबका. कमी तारे देणाऱ्यांचं आधी वाचा. फेसबुक पानाच्या माहितीत ते पान कधी उघडलं आणि आधी त्याचं नाव काय होतं तेही दिसतं. वेबसाइटचं नाव कधी विकत घेतलं, तेही दोन मिनिटांत शोधता येतं.

आता हिशोबाकडे येते, कारण माणसं फसतात ती बहुधा इथे. काकांच्या फाइलमध्ये मोबाइलच्या पडद्याचे फोटो होते, 'आजच्या ऑर्डर: ६० हजार'. हा आकडा खराही असू शकतो. पण ऑर्डर म्हणजे विक्री नव्हे आणि विक्री म्हणजे नफा नव्हे. मी त्यांच्यासमोर एक नमुना मांडला. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा ६०० रुपयांच्या १०० ऑर्डर आल्या. पडद्यावर ६० हजार दिसले. बहुतेक कॅश ऑन डिलिव्हरी. त्यातली २५ पार्सलं परत आली, कारण कुणी घरी नव्हतं, कुणाचं मन बदललं. विकणारी मंडळी याला आरटीओ म्हणतात, माल निघाला तिथेच परत. हातात आले ७५ जणांचे ४५ हजार. मालाची खरेदी २५० ने धरली तर ७५ नगांचे १८,७५० रुपये, आणि परत आलेल्यांत पाच खराब निघाले त्यांचे १,२५०. कुरिअर जायचे ७० रुपये, शंभरांचे ७ हजार, परत यायचे १,७५०. जाहिरातीला एका ऑर्डरमागे १२० धरले तर १२ हजार. पॅकिंग १५ रुपयांप्रमाणे १,५००. बेरीज झाली ४२,२५०. उरले २,७५० रुपये. एका ऑर्डरमागे साडेसत्तावीस. यात जीएसटी धरलेला नाही, मोबाइलचं बिल धरलेलं नाही, तुमच्या वेळेची किंमत तर नाहीच नाही. परत येणारी पार्सलं २५ ऐवजी ३३ झाली, की हाच धंदा तोट्यात जातो. जास्तीची आठच पार्सलं.

पडद्यावर मात्र ६० हजारच दिसत राहतात.

काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे महिन्याला ४० हजार मिळवायला..." आणि गुणाकार करायला लागले. साडेसत्तावीसने भागलं तर साडेचौदाशे ऑर्डर होतात. रोजच्या जवळजवळ पन्नास, रविवार धरून. कंपनी एवढं जमवू शकत असेल तर तिला काकांच्या ४ लाखांची गरज काय, हा प्रश्न त्यांच्या मुलीने विचारला. मी विचारणारच होते, पण तिने विचारला ते बरं झालं.

कारण सगळ्यात खोलवर जाणारा तपास तोच आहे: या कंपनीला पैसा कुठून मिळतो? शेवटच्या गिऱ्हाइकाने वस्तू घेतल्यावर मिळत असेल, तर तिचं आणि तुमचं हित एका बाजूला आहे. तुम्ही पैसे भरल्याबरोबर मिळत असेल, तर तिचं गिऱ्हाईक तुम्हीच आहात आणि तिची विक्री फाइल तुमच्या हातात पडली तेव्हाच झाली. माणसं जोडायला लावणाऱ्या योजनांमध्ये हे उघड दिसतं. प्रत्येकाने सहा जण आणायचे म्हटलं तर सहाचे छत्तीस, छत्तीसचे दोनशे सोळा, असं करत नवव्याच पायरीला १ कोटीच्या वर माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाख होती. असं पैशाचं चक्र फिरवण्यावर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांतही पिरॅमिड योजनांना मनाई आहे. काम काहीच न करता ठराविक रक्कम दरमहा मिळणार असेल, तर तिला दुकान म्हणा नाहीतर फ्रँचायझी, ती जवळजवळ ठेवच झाली. अशा बेकायदा ठेवींसाठी २०१९ चा केंद्रीय कायदा आहे आणि ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा एमपीआयडी कायदा. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार करता येते.

"पण आमच्या साडूला पहिले दोन महिने पैसे आले," काका म्हणाले. आले असतील, मला शंका नाही. पण ४ लाख घेऊन ८० हजार परत दिले तरी कंपनीकडे ३ लाख २० हजार शिल्लक राहतात, आणि आणखी पाच साडू कंपनीच्या दारात येतात. आपल्या माणसाने सांगितलं की आपण तपास सोडून देतो. त्यानेही तेच ऑफिस आणि तोच नमस्कार बघितलेला असतो. एकाने केलेला तपास दुसऱ्याला चालतो, पण एकाचा विश्वास हा दुसऱ्यासाठी तपास होत नाही.

मग करार वाचला. तोंडी ४० हजार होते, कलम अकरामध्ये 'कंपनी कोणत्याही किमान उत्पन्नाची हमी देत नाही' असं होतं. बायबॅकच्या कलमात अट होती की भागीदाराने दरमहा किमान १५ हजारांचं जाहिरात पॅकेज घेतलेलं असलं पाहिजे. म्हणजे ४ लाख परत मागायचा हक्क टिकवायला वर्षात आणखी १ लाख ८० हजार भरायचे. वाद झाला तर न्यायक्षेत्र दिल्ली. हे काहीही लपवलेलं नव्हतं, छापलेलं होतं. तोंडी बोलणं आणि छापील कलम यांत फरक पडला की मी कायम छापील कलम खरं धरते.

'खोट्याला हे कितीला पडेल' हाच प्रश्न उलट्या दिशेनेही लावावा लागतो, नाहीतर अन्याय होतो. पॉलिश नसलेला पार्ट मापात असू शकतो. धनकवडीतली एक मुलगी घरून काचेच्या बरण्या ऑनलाइन विकते. माल घेते रविवार पेठेतल्या एका ठोक व्यापाऱ्याकडून. त्याला वेबसाइट नाही. व्हॉट्सॅपवर फोटो पाठवतो, त्यात त्याचा अंगठा आलेला असतो. दुकान अंधारं, बिल पेन्सिलने टिपून मग कॉम्प्युटरवर. ती पहिल्यांदा गेली तेव्हा तिला तिथून निघून यावंसं वाटलं होतं. पण त्याची जीएसटी नोंदणी १ जुलै २०१७ ची आहे, म्हणजे जीएसटी सुरू झाला तो दिवस. व्हॅटच्या काळापासून नोंदणी असलेल्या दुकानांची तारीख बहुधा हीच दिसते. रिटर्नं एकही चुकलेलं नाही. आणि त्याने तिला माल गळ्यात मारला नाही. विचारलं, "कुठे विकणार? कुरिअरमध्ये फुटलं तर कोण सोसणार?" कुठली बरणी बुडाशी पातळ आहे तेही सांगितलं. म्हणाला, "आधी दोन डझन न्या. खपलं तर परत या." तिने दोन डझन घेतल्या तर त्याला मिळणार किती, थोडेसेच. ती वर्षभर येत राहिली तरच त्याचं भलं होतं. असं वागणं खोट्या माणसाला परवडत नाही, कारण त्याला एकदाच आणि मोठं घ्यायचं असतं.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, लहान रकमेपासून सुरू करू देतात का, ते विचारा. ४ लाखांऐवजी १० हजारांत एक महिना चालवून बघतो, असं म्हणा, आणि समोरचा काय करतो ते बघा.

अमेरिकेत अशा संधी विकणाऱ्यांसाठी फेडरल ट्रेड कमिशनचा वेगळा नियम आहे, सुधारित रूपात तो १ मार्च २०१२ पासून लागू झाला. पैसे घेण्याच्या किंवा सही घेण्याच्या किमान सात दिवस आधी विकणाऱ्याने एक पानी माहितीपत्र द्यायचं. त्यात आपण कोण ते, कमाईचा दावा करता की नाही (करत असाल तर त्याचं निवेदन सोबत), आपल्यावरच्या कोर्टकचेऱ्या, पैसे परत करण्याचं धोरण, आणि मागच्या तीन वर्षांत ही संधी विकत घेतलेल्यांची नावं. ती खूप असतील तर नव्या गिऱ्हाइकाच्या सगळ्यात जवळ राहणाऱ्या दहा जणांची दिली तरी चालतात. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. पण हे प्रश्न विचारायला कायदा कशाला लागतो? सात दिवस स्वतःच घ्या. दहा नावं मागा, आणि ती कंपनीने निवडलेली नसावीत, तुमच्या भागातली असावीत. सोडून गेलेल्या दोघांशी तरी बोला. पैसे भरायचे ठरलेच तर पडद्यावर दिसणारं नाव कंपनीचं आहे की कुणा व्यक्तीचं, ते भरण्याआधी वाचा.

आणि पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी कळवलं तर ते गोठवता येण्याची शक्यता असते, तासागणिक ती कमी होत जाते. माझ्याकडे एक गृहस्थ चार महिन्यांनी आले होते, घरात कळू नये म्हणून. त्यांच्यासाठी मला काहीच करता आलं नाही.

काकांनी चेकबुक परत पिशवीत ठेवलं. घरी जाऊन कंपनीला मेसेज केला, मुलीने लिहून दिलेला: पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या दहा भागीदारांची नावं आणि फोन नंबर पाठवा, आणि कंपनीचा मागच्या वर्षीचा ताळेबंद. कंपनीने आधी सांगितलेली सवलत त्या महिन्याच्या ३० तारखेपर्यंतच होती. त्यानंतर काकांना तीनदा फोन आला, दर वेळी नवी शेवटची तारीख सांगायला. शेवटच्या फोनवर ४ लाखांचे अडीच झाले होते. दहा नावं अजून आलेली नाहीत.